इंद्रभान वस्ताद आणि शिकागोचे त्र्याहत्तर

कामरगावच्या इंद्रभान वस्तादांना छत्री आवडत नसे. ऊन अंगावर घ्यायला माणसाला लाज कसली, असं ते म्हणत. तरुणपणी चष्मा लावणारे त्यांना आवडत नसत, सायकलला घंटी बसवणारे आवडत नसत, आणि चहा बशीत ओतून फुंकर मारणाऱ्याकडे तर ते असे बघत, की त्याचा चहा फुंकर न मारता थंड व्हावा. या तुच्छतेत लहानमोठं काही नव्हतं. तहसीलदाराला जी नजर, तीच गुराख्याला. म्हणून कामरगावात तिचा कुणाला राग येत नसे. "वस्तादानं आज मले पाहून नाक मुरडलं," असं माणूस घरी समाधानानं सांगे. नाक मुरडलं म्हणजे दखल घेतली.

नाकही तसंच होतं, दोन वेळा मोडलेलं. उजव्या हाताचं मधलं बोट कुणाच्या तरी कंबरपट्ट्यात अडकून कायमचं वाकडं झालेलं. हुतूतूनं त्यांच्याकडून जे घेतलं त्याची ही पावती, आणि हुतूतूनं त्यांना जे दिलं ते म्हणजे नाल्याकाठचं मैदान. खरं तर ते त्यांच्याच वावराचा तुकडा. चांगली काळी जमीन, कपाशी कंबरेएवढी झाली असती. पण वडिलांनी तिथं खेळ सुरू केला आणि वस्तादांनी तिथं कधी नांगर घातला नाही. प्रयागबाई, त्यांची बायको, शेजारणीला म्हणे, "आमच्या तेवढ्या तुकड्यात पोट्टे पेरले हायेत, माय. पीक कधी येते ते पाहून राह्यलो."

पीक येत होतं. दर शिवरात्रीच्या जत्रेत कामरगावची टीम उतरे आणि आजूबाजूची गावं तिला वचकून असत. पोरं संध्याकाळी वावरातून आली की मैदानावर जमत. वस्ताद बाभळीला टेकून उभे राहत आणि प्रत्येकाला सांगत, की तुझ्यापेक्षा तुझी म्हैस चपळ आहे. पोरं हसत आणि पुन्हा धावत.

आपला वाशीमकडचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. खेड्यापाड्यांत विकास योजना नुकत्याच आल्या होत्या. चौपन्न सालच्या दिवाळीनंतर त्या योजनेतून एक अमेरिकन शेतीसल्लागार कामरगावात राहायला आला. क्लेटन नाव. वावरात बांध कसे घालावे, पाणी कसं अडवावं, हे दाखवायचं त्याचं काम. उंच, लालबुंद, चाळिशीचा माणूस. कापसाच्या रिकाम्या पडलेल्या जिनाच्या दोन खोल्या त्याला दिल्या होत्या. त्याला मोडकी हिंदी येई. बाकीचं भाषांतर ग्रामसेवक फुलचंद करी. फुलचंद जवळच्याच तांड्यातला, वाशीमला मॅट्रिक झालेला, गोड बोलणारा आणि कुणालाच न दुखावणारा.

साहेबानं आपल्या पेटीतून एक चामड्याचा बॉल आणला होता. तो गोल नव्हता. दोन्ही टोकांना निमुळता, कच्च्या पपईसारखा. संध्याकाळी जिनासमोरच्या पटांगणात साहेब पोरांना तो फेकायला शिकवी. दमल्यावर ओट्यावर बसून आपल्या देशातल्या त्या खेळाच्या गोष्टी सांगे. बिस्किटंही असत. पहिल्या आठवड्यात मैदानावरची चार पोरं कमी झाली. दुसऱ्या आठवड्यात उरलेल्यांतली अर्धी. सगळ्यांत आधी गेला तो हेमसिंग, तांड्यावरचा बावीस वर्षांचा गडी, लांब हातांचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि वस्तादांच्या मते अकलेनं रिकामा. एका संध्याकाळी वस्ताद बाभळीला टेकून उभे राहिले आणि समोर फक्त एक कुत्रं आलं.

वस्ताद जिनाकडे गेले. बघायला नव्हे, नाक मुरडायला.

पोरांनी त्यांना पाहून जागा केली. वस्ताद बसले नाहीत. साहेब काही सांगत होता आणि फुलचंद त्याचं मराठी करत होता.

"साहेब म्हणते, ह्या खेळाचं नाव फुटबॉल हाय."

"पायानं खेळते?" वस्तादांनी विचारलं.

फुलचंदनं साहेबाला विचारलं. "नाही जी. जास्त करून हातानं."

"मंग नाव पायाचं कायले?"

साहेब हसला आणि त्यानं खांदे उडवले. त्यालाही ठाऊक नव्हतं. वस्तादांनी पोरांकडे पाहिलं. ज्या माणसाला आपल्या खेळाचं नाव सांगता येत नाही त्याच्या पायाशी तुम्ही बसला आहात, असं ते बघणं होतं.

दुसऱ्या संध्याकाळीही ते आले. तिसऱ्या दिवशी बसलेही. पोरांना वाटलं, वस्ताद निवळले. तसं नव्हतं. ज्या गोष्टीवर थुंकायचं ती नीट माहीत असावी, अर्धवट माहितीवर थुंकणं हलक्या माणसाचं काम, असं त्यांचं मत होतं.

साहेब ज्या खेळाच्या गोष्टी सांगे तो पगारी लोकांचा होता. हेच वस्तादांना आधी पटेना. "खेळाचा पगार भेटते? मंग त्याले खेळ काहून म्हणता, मजुरी म्हणा." पण साहेबाच्या गोष्टी मात्र अशा असत, की ओट्यावरचा माणूस घरी जायचा विसरे. चाळीस साली शिकागोच्या टीमनं वॉशिंग्टनच्या टीमला मोठ्या सामन्यात त्र्याहत्तर विरुद्ध शून्य असं हरवलं. आणि जेमतेम तीन आठवड्यांआधी त्याच वॉशिंग्टननं त्याच शिकागोला सात विरुद्ध तीन असं हरवलं होतं.

"तीन आठवड्यात काय झालं त्यायले?" हेमसिंगनं विचारलं.

"काय होईन? लेकाचे जिंकून घरी जाऊन झोपले असतीन," वस्ताद म्हणाले. "तुह्यावानी."

साहेबानं पुढचं सांगितलं. बॉल खांबांच्या मधून लाथाडला की तो प्रेक्षकांत जाई आणि प्रेक्षक तो घरी नेत. त्या दिवशी शिकागोनं इतके बॉल लाथाडले, की बॉल संपत आले. शेवटी पंचांनी विनंती केली, की बाबांनो, आता लाथाडू नका, दुसऱ्या रीतीनं गुण घ्या.

ओटा हसला. वस्ताद हसले नाहीत. "जो खेळ बॉल संपला की थांबते, तो खेळ नाही, दुकान हाय. हुतूतूत काय संपते? दम. तो बजारात भेटत नाही."

मग चौतीस सालची गोष्ट. मैदानावर बर्फ गोठलेलं, काचेसारखं. न्यू यॉर्कचे खेळाडू खिळ्यांच्या बुटांवर घसरून घसरून पडत होते. अर्ध्या वेळात कुणीतरी धावत जाऊन एका कॉलेजातून रबरी तळाचे बूट उसने आणले. ते घालून ते उतरले आणि एकट्या शेवटच्या हिश्शात सत्तावीस गुण केले. हरत असलेला सामना जिंकला.

"मंग हार कोणाच्या गळ्यात घातला?" वस्तादांनी विचारलं. "बुटाच्याच ना?"

आणि बत्तीस सालची. बाहेर हिमवादळ, म्हणून मोठा सामना शिकागोत छपराखाली घेतला. मैदान नेहमीपेक्षा आखूड करावं लागलं. त्याच जागेत थोड्याच दिवसांआधी सर्कस होऊन गेली होती. माती तीच, जनावरांच्या लिदीसकट. खेळाडू वासानं हैराण झाले.

हे ऐकून वस्ताद पहिल्यांदा जरा विचारात पडले. "शेणात पडले, तरी खेळले?"

"खेळले जी. नऊ विरुद्ध शून्य."

"हं," वस्ताद म्हणाले. मग आपण काही बरं बोललो की काय, अशी शंका येऊन त्यांनी घाईनं भर घातली, "आमची गाय रोज त्याच्यात लोळते. तिले कोणी पगार देत नाही."

असे दिवस गेले. एका गड्यानं एकट्यानं आपल्या टीमचे सगळेच्या सगळे चाळीस गुण केल्याची गोष्ट झाली. "बाकीचे काय जेवाले गेलते?" एका कुत्रेविक्यानं आपल्या कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून टीम काढली आणि अर्ध्या वेळात कुत्र्यांचे खेळ दाखवले, हीही झाली. "टीम हरे का जिते?" बहुतेक हरे. "कुत्रे इकले?" विकले. "मंग कुत्र्यायलेच पाठवाले पाह्यजे होतं खेळाले." महायुद्धात गडी लढाईवर गेले, तेव्हा हाडवैरी असलेल्या दोन शहरांनी आपापल्या टीम एकत्र करून एक टीम उभी केली. तिच्यात एका गड्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. दोन्हीकडचे दोन वस्ताद होते, त्यांचं एकमेकांशी पटेना. शेवटी त्यांनी वाटणी केली. चढाई एकानं शिकवायची, बचाव दुसऱ्यानं.

"एका टीमले दोन वस्ताद," इंद्रभान वस्ताद म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी. म्यान फाटलं नाही?"

"नाही जी. हारल्यापेक्षा जास्त जिंकले."

वस्ताद त्या दिवशी लवकर उठून गेले.

घरी प्रयागबाईनं भाकरी वाढताना विचारलं, "आज दिवस मावळाच्या आंधीच गेलते म्हणे तिकडे."

"थुंकाले गेलतो."

"इतकं थुंकता, तं तांब्याभर पानी नेत जा संग."

शिवरात्र जवळ येत होती. वस्तादांच्या छातीत जे दुखत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मैदानावर दूर्वा उगवायला लागल्या होत्या. जमीन रोज पायाखाली तुडवली जाते तिथं दूर्वा उगवत नाहीत. आणखी एक महिना असाच गेला, तर जत्रेत कामरगाव उतरणार नाही, आणि पुढल्या साली प्रयागबाई म्हणेल, पेरा आता कपाशी. तिचं म्हणणं खोडायला त्यांच्याकडे काही उरलं नसतं.

आणि त्यात साहेबानं आपल्या गावाची गोष्ट काढली. ग्रीन बे नावाचं लहानसं गाव. त्याच्या बापाचं दूधदुभत्याचं शेत त्या गावाजवळच. मोठमोठ्या शहरांच्या टीमशी खेळणारी टीम त्या गावानं राखली आहे. ती कुणा शेटजीची नाही. गावातल्या सामान्य माणसांनी तिचे हिस्से घेतले आहेत. नफा कुणाला मिळत नाही. टीम बुडायला लागली, की पुन्हा गावच पुढे येतं.

वस्तादांनी विचारलं, "गावाची टीम हाय, तं जिंकते का?"

साहेबाचा चेहरा पडला. "आजकल बहुत हारता है," तो स्वतःच म्हणाला.

पण पोरं "वा, वा" करत होती आणि हेमसिंग तो बॉल छातीशी धरून बसला होता. वस्तादांना वाटलं, आता पुरे झालं. आमच्याकडे रीत अशी आहे, की दुसऱ्याच्या गावात बसून माणूस आपल्या गावच्या खेळाडूंची तारीफ करायला लागला, की ते आव्हान समजायचं. पहिल्यांदा केली तर पाहुणा म्हणून सोडायचं. पण महिना दीड महिना रोज करतो, त्याला उत्तर द्यायचं ते विड्यानं. वस्तादांच्या हिशेबी साहेब पहिल्या दिवसापासून कामरगावाला ललकारत होता आणि गाव बिस्किटं खात होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ते पितळेचं ताट घेऊन जिनाच्या ओट्यावर आले. ताटात एक विडा, वर सुपारी. फुलचंद त्या दिवशी बैठकीला वाशीमला गेला होता. वस्तादांनी ताट साहेबासमोर ठेवलं आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"साहेब, तुमी जिंकले तं मैदान तुमचं. तुमच्या पपईले देऊन टाकतो. आमी जिंकलो, तं पपई पेटीत अन पोट्टे मैदानात. उद्याची संध्याकाळ, हुतूतू. मानूस असान तं उचला."

साहेबाला गावात येऊन दोन महिने झाले होते. कामरगावातल्या कितीतरी घरी जेवून झाल्यावर त्याच्यासमोर असंच ताट आलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडले, विडा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "बहुत अच्छा."

हेमसिंगनं आपली जीभ चावली.

रात्री फुलचंद आला आणि त्याला कळलं. तो धावत वस्तादांकडे आला. "वस्तादजी, त्याले काय मालूम? त्यानं मुखशुद्धी म्हून खाल्ला."

"खाल्ला ना?"

"खाल्ला."

"मंग झालं तं."

फुलचंदनं साहेबाला समजावलं, की हे असं असं आहे, मी त्यांची माफी मागतो, तुम्ही मनावर घेऊ नका. साहेब आधी खूप हसला. मग त्यानं विचारलं, मैदान द्यायची गोष्ट खरी आहे? फुलचंद म्हणाला, वस्ताद दिलेला शब्द मोडत नाहीत. साहेब म्हणाला, "खाया तो खाया."

दुसऱ्या संध्याकाळी मैदानाभोवती सगळं कामरगाव होतं. बायाही बांधावर. पंच म्हणून म्हातारे जानराव, ज्यांनी वस्तादांच्या वडिलांचा खेळ पाहिला होता. ठरलं असं, की मेलेला गडी पुन्हा उठायचा नाही. ज्या बाजूचे सगळे मेले ती हरली. साहेब अर्धी चड्डी आणि बनियन घालून आपल्या अर्ध्या भागात उभा राहिला. समोर कामरगावचे सात गडी. मधोमध हेमसिंग.

वस्ताद बाभळीपाशी होते. त्यांनी साहेबाच्या बाजूला पाहिलं. तिथं साहेबाशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. कुणी जाईना. फुलचंद म्हणाला होता, मी सरकारी माणूस, मला बाजू घेता येत नाही. आणि ज्या पोरांनी दीड महिना त्याचा बॉल झेलला, त्याच्या गोष्टींवर टाळ्या पिटल्या, ती सगळी पोरं बरोबर गावाच्या बाजूला उभी राहून मांड्या ठोकत होती. कुणीतरी ओरडलं, "साहेबा, बूट बदलून ये." सगळे हसले. साहेबही हसला, पण त्याचं हसणं लवकर सरलं.

वस्तादांच्या तोंडावर त्या वेळी जी तुच्छता आली, तिच्यापुढं आजवरच्या सगळ्या फिक्या होत्या. त्यांनी सदरा काढून बाभळीच्या फांदीवर टाकला, धोतराचा काचा घट्ट खोवला आणि मध्यरेषा ओलांडून साहेबाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

जानराव गोंधळले. "इंद्रभान, तू कोठी चालला?"

"एवढे दिवस कुत्र्यावानी ज्याच्या मांगं फिरत होते, आज त्याच्या बाजूनं एक नाही उभा?" वस्ताद सातांकडे बघून म्हणाले. "सात जन मिळून एकल्या पाहुण्याले पाडसान अन घरी जाऊन सांगसान, आमी जिंकलो? थू."

"पन वस्तादजी," हेमसिंग म्हणाला, "तुमी तिकून जिंकले तं मैदान जाते. तुमचंच मैदान."

"मंग मले जिंकू नोको देऊ. चाल, उभा राह्य."

बांधावरून प्रयागबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते कळलं नाही.

आधी साहेब गेला. वस्तादांनी त्याला "हुतूतू, हुतूतू" म्हणून दाखवलं आणि सांगितलं, हे तुटलं की तू मेला. त्याला ते जेमतेम जमे. पण अंगात रेड्याचं बळ होतं. दोघांनी धरलं तर दोघांना ओढत त्यानं रेषा गाठली. दोघे मेले. पुढच्या चढाईत मात्र चौघं पायांना बिलगले आणि त्याचा दम तुटला. तो बाहेर जाऊन बसला, घामानं निथळत. आता इकडे एकटे साठीचे वस्ताद आणि तिकडे पाच.

वस्ताद गेले. हुतूतूचा आवाज बारीक, एकसारखा, वर्षानुवर्षं गावानं ऐकलेला. त्यांनी एकाला हात लावला. तो गडी त्यांच्या पायाजवळच होता, धरता आलं असतं. पण हात पुढं नेऊन त्यानं तो मागं घेतला. वस्तादांच्या पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी, हेच त्याला घरातून माहीत. वस्ताद सहज परतले.

"पाय धराचा होता, पाया पडाचं नोतं," ते ओरडले. "हे शिकोलं मी तुमाले?"

दुसऱ्याचंही तसंच झालं. तिसरा त्यांच्यावर चढाई करायला आला, तर वस्तादांनी एकट्यानं त्याचं मनगट पकडून, गुडघा टेकून, त्याचा दम संपेपर्यंत त्याला तसाच ठेवला. चौथा वाकलाच होता, तेवढ्यात वस्ताद त्याच्या कमरेवर थाप मारून गेलेसुद्धा. जत्रेत हीच पोरं परगावच्या गड्यांची हाडं खिळखिळी करत. आज त्यांचे हात मेणाचे झाले होते. सगळ्यांना कळून चुकलं, की म्हातारा खरंच जिंकायला खेळतोय, आणि जिंकला तर सकाळी या जमिनीवर पपई उडणार.

उरला हेमसिंग.

वस्ताद आत गेले तेव्हा त्यांचा श्वास जड झाला होता, पण आवाज तुटला नव्हता. हेमसिंग मागं मागं सरकत गेला, मैदानाच्या टोकापर्यंत. वस्तादांनी डावीकडे हूल देऊन उजवीकडून त्याच्या खांद्याला बोट लावलं, तेच वाकडं बोट, आणि वळले. मध्यरेषा समोर होती. हेमसिंग मागं राहिला होता. हुतूतूत गडी उभा राहून धरतो, बसून धरतो, साखळी करून धरतो. एवढ्या मागून धरता येत नाही.

हेमसिंगनं तीन ढांगा टाकल्या आणि हवेत उडी घेतली. आडवा, पालथा, दोन्ही हात पुढं. जिनासमोरच्या पटांगणात पपई घेऊन पळणाऱ्याला पाडायची ही रीत साहेबानं शिकवली होती. त्याची छाती जमिनीवर आपटली आणि दोन्ही हातांत वस्तादांचा घोटा आला. वस्ताद तोंडावर पडले. त्यांचा हात रेषेच्या अलीकडेच पडला. त्यांनी सरपटायचा प्रयत्न केला. घोटा सुटेना. आवाज बारीक होत गेला, आणि मग तुटला.

मग एकच गलका. "हे हुतूतूत नाही." "हे त्या पपईचं हाय." "पकड बाद." जानराव उठून उभे राहिले आणि त्यांना काही सुचेना. वडिलांच्या वेळेपासून असं कुणी धरलं नव्हतं. त्यांनी विचारायचं तरी कुणाला? या खेळातलं जे काही त्यांना अडे ते ते इंद्रभानलाच विचारत. शेवटी त्यांनी त्यालाच विचारलं.

"इंद्रभान, तूच सांग. हे पकड चालते का?"

वस्ताद उठून बसले होते. मिशीत माती, ओठ फुटलेला. पकड बाद म्हटली तर साहेब जिंकतो आणि शब्दाप्रमाणे मैदान जातं. पकड खरी म्हटली तर मैदान राहतं, पण ते ज्या खेळावर इतके दिवस थुंकलं त्याच्या उडीनं राहतं. शिवाय गाव म्हणणार, म्हाताऱ्यानं आपल्या मैदानासाठी तसं सांगितलं. साहेब बाहेर बसून त्यांच्याकडे बघत होता. त्याला प्रश्न समजला होता, फुलचंदनं सांगायच्या आधीच.

वस्तादांनी हेमसिंगला जवळ बोलावलं. त्याच्या छातीवर खरचटलं होतं, त्यातून रक्त येत होतं.

"उडी मारताना तुहा पाय रेघीच्या बाहीर होता?"

"नाही जी."

"माह्य धोतर धरलं, का पाय?"

"पाय."

"मले मारलं? बुक्की, कोपर?"

"नाही जी, वस्तादजी."

"मंग इचारते कायले, जानराव," वस्ताद म्हणाले. "उभं राहूनच धराचं, असं कोणी सांगतलं? आपल्याले सुचलं नाही म्हून ते बाद होत नाही. पकड झाली. मी मेलो."

ते उठले आणि बाहेर जाऊन साहेबाच्या शेजारी मातीत बसले, मेलेले गडी बसतात तसे. साहेबानं हात पुढं केला. वस्तादांनी त्या हाताकडे पाहिलं, आपला हात धोतराला पुसला आणि दिला. "दम नाही तुमच्यात," ते म्हणाले. "रेडा हाय नुसता." फुलचंदनं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण साहेब खूश दिसला.

त्या रात्री प्रयागबाईनं त्यांच्या पाठीला तेल चोळलं.

सकाळी अजून दव होतं तेव्हा ते लंगडत मैदानावर गेले. पोरं आधीच आली होती, सगळी. दूर्वा उपटून बांधावर टाकत होती. हेमसिंग छातीला हळद लावून आला होता. वस्तादांनी बाभळीपाशी जाऊन सगळ्यांवरून नजर फिरवली.

"शिवरात्र कवा हाय, मालूम हाय? अन कालच्या चौघायले त्यायची आजी पकडून नेईन, असे खेळले तुमी." ते पुढं येऊन मैदानाच्या मधोमध उभे राहिले, रेषेकडे तोंड करून, पोरांकडे पाठ. "हेमसिंग, कालचं ते पुन्हा दाखव. काल छातीवर पडला, म्हून सोललं. कुशीवर पडाले पाह्यजे. मी पळतो."

"तुमी?" हेमसिंग घाबरला. "तुमचा पाय सुजला हाय, वस्तादजी."

"तुह्या बापाचा हाय का पाय? मार उडी."

हेमसिंगनं उडी मारली. वस्ताद पडले. उठले, माती झटकली आणि मागं न बघता म्हणाले, "भिकार. दुसरा कोन हाय? चाल, ये."